‘सल्की’ म्हणजे काय हो बाई?

(आपल्या रेडिओवर झालेलं भाषण, ज्यांना ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी)



आपल्या या शब्दांच्या कार्यक्रमासाठी आजवर तुम्ही जे शब्द पाठवलेत, ते बहुतेक बँकेच्या कागदावरचे होते. नॉमिनी, ओव्हरड्यू, सबसिडी, गॅरंटर. सही करायच्या आधी अर्थ कळावा म्हणून तुम्ही विचारलेत आणि ते बरोबरच केलंत. आजचा शब्दही कागदावरचाच आहे, त्याच्याखालीही सही करायची होती. फरक इतकाच, की तो एका पाचवीतल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकातून आला आहे.

विट्याकडच्या एका गावातून एक आजी एसटीनं माझ्याकडे आल्या. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं नातीचं प्रगतिपुस्तक. मला म्हणाल्या, "बाई, मार्क मला कळत्यात. आकडं येत्यात मला. ह्ये खाली तांबड्या शाईनं काय लिवलंय, त्येवढं सांगा."

खाली इंग्रजीत दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. ‘सल्की. डझ नॉट मिक्स.’

माझ्याकडे यायच्या आधी आजींनी तिघांना विचारून झालं होतं. औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "सिल्की असंल, म्हंजी केस मऊ आहेत." पुतण्यानं मोबाइलवर बघून सांगितलं, "चिडखोर." आणि शेजारणीनं सांगितलं ते सगळ्यात वाईट. तिनं कुठंतरी सिकलसेलचं नाव ऐकलं होतं, तोच हा रक्ताचा रोग असणार, असं ती म्हणाली. आजी दोन रात्री झोपल्या नव्हत्या. पोरीचे आईबाप कोइम्बतूरला. त्यांना फोन करावा तर ते घाबरतील, न करावा तर आपल्यावर जबाबदारी. "रोग हाय का वो बाई?" असं विचारताना त्यांचा आवाज बसला होता.

रोग नाही, हे मी आधी सांगितलं. मग चहा केला. कारण सल्की म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता येईना.

इंग्रजीत ‘सल्क’ म्हणजे मनासारखं झालं नाही म्हणून तोंड पाडून, गप्प होऊन बसणं. नुसतं गप्प बसणं नव्हे. मी गप्प आहे हे दुसऱ्याला दिसेल अशा बेतानं गप्प बसणं. जेवायला हाक मारली तर ‘मला नको’, काय झालं विचारलं तर ‘कुठं काय’. आपण याला फुगणं म्हणतो, फुरंगटून बसणं म्हणतो. तोंड कसं, तर एरंडेल प्यायल्यासारखं.

आता त्याच शब्दाची दोन रूपं बघा, कारण सगळी गोम तिथं आहे. ‘शी इज सल्किंग’ म्हटलं तर ती आत्ता फुगून बसली आहे. तासाभरानं हसेल, खेळायला जाईल. पण ‘शी इज सल्की’ म्हटलं, की तिचा स्वभावच तसा, ती फुगरीच. पहिलं आभाळाबद्दल बोलणं आहे, आज भरून आलंय. दुसरं जमिनीबद्दल आहे, हे रान खडकाळच. प्रगतिपुस्तकात दुसरं रूप लिहिलं होतं. एका शब्दात पाचवीतल्या पोरीचा स्वभाव ठरवून टाकला होता.

सल्कीचा इंग्रजीत आणखी एक अर्थ आहे. तो मला फार वर्षांनी कळला आणि आपल्याकडच्या बायांना तो चटकन समजेल. विलायतेत अठराव्या शतकात एक हलकी घोडागाडी निघाली. दोन चाकं आणि एकाच माणसापुरती जागा. मागं कुणी बसायचं नाही, शेजारी कुणी बसायचं नाही. तिचं नाव पडलं ‘सल्की’. का? तर वर बसलेला माणूस एकटाच, कुणाशी बोलणं नाही, जणू जगावर फुगून निघालाय. घोड्यांच्या शर्यतींत ही गाडी अजून वापरतात. पुढं एका माणसानं वर बसून चालवायचा नांगर निघाला, त्यालाही इंग्रजीत सल्कीच म्हणाले. आपल्या शर्यतीचा छकडा डोळ्यांपुढं आणा, पुसेगावच्या यात्रेत पळतो तसा. दोन चाकं, हलकं लाकूड, वर एकटा हाकणारा. (आपल्याकडच्या शर्यती मधे काही वर्षं बंद होत्या. २०२१च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिली तेव्हा घराघरातले बाप्ये किती दिवसांनी हसले, ते तुम्हाला ठाऊकच आहे.) फक्त आपला छकडा जिंकायला पळतो, त्यामुळं त्याला फुगरा म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

याच अर्थाजवळचा इंग्रजीत दुसरा शब्द आहे, ‘सलन’. घुमा, आंबट तोंडाचा. त्याचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तिथं मूळ शब्दाचा अर्थ नुसता ‘एकटा’ एवढाच. म्हणजे बघा, इंग्रजीत या दोन्ही शब्दांच्या भोवती एकटेपण आहे. माणूस फुगला म्हणजे तो वेगळा होऊन बसला, इथं त्यांचं लक्ष.

आपलं लक्ष कुठं असतं?

आपला शब्द ‘रुसणं’. मराठीत रुसलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणावर? आईवर रुसली, भावावर रुसली, नवऱ्यावर रुसली. ‘वर’ हा शब्द सोडून रुसता येत नाही. आणि परक्यावरही रुसता येत नाही. एसटीच्या कंडक्टरवर आपण चिडू, भांडू, पण रुसणार नाही. रुसायला आपलं माणूस लागतं. ज्यानं येऊन हात धरावा, ‘चल, जेव’ म्हणावं, अशी आशा असते त्याच्यावरच माणूस रुसतो. म्हणून रुसव्याच्या मागोमाग मराठीत ‘समजूत काढणं’ येतंच. रुसवाही ‘काढायचा’ असतो, पायातल्या काट्यासारखा.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा रुसवा आठवा. माण-आटपाडीहून पंढरपूर काही लांब नाही, आपण सगळ्या जाऊन आलोय. विठोबाच्या शेजारी रुक्मिणी उभी नाही, तिचं मंदिर वेगळं, हे बघितलंय ना? कथा अशी, की द्वारकेत राधेला देवाच्या मांडीवर बसलेली पाहिली आणि रुक्मिणी रुसली. भांडली नाही, आरडाओरडा केला नाही. उठली आणि निघून आली थेट दिंडीरवनात. देव तिला हुडकत आले. वाटेत पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, त्यानं वीट फेकली, देव तिच्यावर उभे राहिले, आणि मग राहिलेच. एका बाईच्या रुसव्यापायी देव द्वारकेहून भीमेकाठी आला, अशी ही गोष्ट आहे. आपण वारी म्हणून जी चालतो, तिच्या मुळाशी रुसलेली बायको आणि तिला शोधत आलेला नवरा आहे. मला तर ही गोष्ट फार आवडते. रुक्मिणीला कुणी ‘नाटकं करते’ म्हटलं नाही.

रामायणातली कैकेयी तर रुसायला कोपभवनात गेली. राजवाड्यात रुसायची वेगळी खोली! आपल्या दोन खणांच्या घरात बाईनं रुसायचं कुठं? चुलीपुढं बसून भांडी आदळायची, झालं. आणि रुसण्याचा हक्कही सगळ्यांना सारखा नसतो. लग्नात जावई रुसला तर त्याला काय हवं नको ते बघायला दहा माणसं पळतात. विहीण रुसली तर मानपान, पुन्हा पान वाढणं, हातापाया पडणं. नवी सून रुसली तर? "आईबापानं वळण लावलं नाही." तिच्या रुसण्यावर पाहुणा धावत येत नाही, म्हणून ती हळूहळू रुसायचंच सोडते. मग ती काय करते, ते पुढं सांगते.

त्याआधी, रुसण्याच्या आजूबाजूचे शब्द बघा. तुमच्या तोंडात ते रोज असतात, म्हणून नजरेत येत नाहीत. मूल हिरमुसतं, कारण जत्रेत फुगा मिळाला नाही. त्यात राग नाही, नुसतं कोमेजणं आहे. जावाजावांत धुसफूस असते. ती ऐकू येते, पण शब्दांत पकडता येत नाही. अबोला हा धरावा लागतो, तो आपोआप होत नाही. दोन भाऊ बांधावरून वीस वर्षं अबोला धरतात, रुसवा वीस वर्षं टिकत नाही. रुसवा म्हणतो ‘ये ना’, अबोला म्हणतो ‘येऊ नकोस’. हा फरक घरात फार महत्त्वाचा आहे. नवरा चार-चार दिवस बोलत नाही, पुढ्यातलं ताट सरकवतो आणि पोरांकरवी निरोप देतो, तेव्हा त्याला रुसवा म्हणून गोंजारत बसू नका. ती शिक्षा असते.

आणि मग ‘कुढणं’. रुसायची सोय नसलेली बाई काय करते म्हणाले ना, ती कुढते. कुढणं बाहेर दिसत नाही. भाकऱ्या वेळेवर होतात, धारा निघतात, सगळं सुरळीत. आमच्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या, तेव्हा ते कुढणं ओवीतून बाहेर यायचं. घरात कुणाला सांगता येत नव्हतं ते जात्याला सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांनी आपल्या सोबत्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. लाखाच्या वर! म्हणजे किती जणींना किती बोलायचं होतं ते बघा. आता गिरणी आली, कष्ट वाचले, फार चांगलं झालं. पण पहाटेचं ते बोलणं गेलं, त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

आलं ते एवढंच, ‘मूड’.

मूड हा शब्द आता इंग्रजी राहिला नाही, आपल्या गोठ्यापर्यंत पोचलाय. मूड नाही, मूड गेला, मूड ऑफ आहे. त्याची गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मन, हिंमत, रागसुद्धा असा होता. जर्मन भाषेत त्याचाच भाऊबंद शब्द आजही हिंमत या अर्थानं वापरतात. ते सगळं झडलं आणि ‘आज कसं वाटतंय’ एवढाच अर्थ उरला. आपल्याकडे आल्यावर तर त्याचा आणखी भुगा झाला. रुसवा, फुगवा, हिरमुसणं, कुढणं, अबोला, अंगात कणकण, नवऱ्याशी भांडण, पाळी, कर्जाचा हप्ता, सगळ्याला एकच झाकण, मूड नाही. घरात बापाचा ‘मूड’ बघून पैसे मागायचे आणि आईचं तेच असलं तर ‘तिचं काय, ती फुगलीय’. पुरुषाचा तो मूड, बाईचा तो फुगारा.

मूड म्हटलं की ‘कुणावर’ हा प्रश्न निघून जातो. मूड कुणावर नसतो. त्यामुळं विचारणाऱ्यालाही पुढं काही विचारावं लागत नाही. "बरं, नसंल मूड," म्हणून तो उठून जातो.

आता एक माझीच चूक सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या गटातली एक जण सलग तीन बैठकांना आली नाही. बाळंत होऊन दोन-अडीच महिने झाले होते, दुसरी मुलगी झाली होती. त्याआधी गटात नवीन अध्यक्ष निवडताना तिचं नाव मागं पडलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, की ती फुगलीय. मीसुद्धा म्हटलं, "येईल आपणहून, किती दिवस फुगेल." शब्दांवर भाषणं देणारी मी, मला एकदाही वाटलं नाही की जाऊन विचारावं, तू कुणावर रुसलीयस?

शेवटी गेली ती आशाताई, बाळाच्या लसीसाठी. तिनं पाहिलं तर बाई न जेवता भिंतीकडं तोंड करून पडलेली, रात्र रात्र झोप नाही, बाळ रडलं तरी उचलत नाही. सासू म्हणत होती, "मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीय." आशाताईनं विचारलं, "कुणाचा राग आलाय का?" ती म्हणाली, "कुणाचाच न्हाई. मलाच मी नको झालीय." आशाताई हुशार. तिनं त्याच दिवशी तिला आणि तिच्या नवऱ्याला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. औषध सुरू झालं, बाळाला रात्री बघायला तिची आई येऊन राहिली. काही महिन्यांनी ती बैठकीला आली. हिशेबाची वही आज तिच्याकडेच असते.

बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस कारण नसताना रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आराम मिळाला, घरच्यांनी सांभाळलं की ते ओसरतं. पण मन पडलेलं असणं, कशात गोडी न वाटणं, झोप आणि भूक उडणं, हे दोन आठवड्यांच्या पुढं रोजच्या रोज चाललं, तर तो रुसवा नव्हे, फुगारा नव्हे आणि मूडही नव्हे. तो आजार आहे, त्याला औषध आहे. बाळंतीण असो, म्हातारी असो, कॉलेजातला पोरगा असो. आणि कुणी जीव नकोसा झालाय असं बोललं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, तोवर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. सरकारनं ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ नावाची फोनची सोय सुरू केली आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आत्ताच लिहा, मी थांबते. एक, चार, चार, एक, सहा.

तर ‘कुणावर?’ हा आपल्या भाषेनं दिलेला प्रश्न असा कामाला येतो. त्या दिवशी मी आजींना तोच विचारला. "आजी, नात कुणावर रुसलीय?"

आजी विचारात पडल्या. "कुणावर न्हाई बाई. घरात तर भडाभडा बोलती. गोठ्यात म्हशीसंगं बोलती. फोनवर आईसंगं तिकडच्या भाषेत बोलती, मला त्यातलं काय बी कळत न्हाई."

मग सगळं उलगडत गेलं. विटा, खानापूर, आटपाडी, इकडं खटाव-माण, या भागातली किती घरं गलाईच्या धंद्यावर आहेत ते तुम्हाला सांगायला नको. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची, त्यासाठी पंजाबपासून केरळपर्यंत आपली माणसं पसरलेली. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळानं घराबाहेर काढलेली माणसं ही. या पोरीचे आईबाप कोइम्बतूरला गलाईच्या दुकानात. चौथीपर्यंत ती तिथंच शिकली. मग आजी एकटी पडली, म्हणून आणि पुढं पोरीचं गावाशी नातं राहावं म्हणूनही तिला इकडं आणलं, तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत घातलं. तमिळ चांगलं, इंग्रजी बरं, मराठी घरात बोलण्यापुरतं. लिहायला तर येतच नव्हतं. आणि २०२० च्या कायद्यानं आपल्या राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकावंच लागतं. ते योग्यच आहे, पण तिच्यासाठी तो डोंगर झाला.

पुढच्या रविवारी आजी तिला घेऊन आल्या. पोरगी दारातच थांबली, चप्पल बोटांनी कुरतडत. मी तिला शाळेचं काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि म्हटलं, "बाळा, तमिळमध्ये पाण्याला काय म्हणतात?" ती एकदम दचकली. आजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "तण्णी."

आणि रडायलाच लागली.

शाळा सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात तिला तहान लागली होती. घाईत तिच्या तोंडून ‘तण्णी’ निघालं. वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी तिचं नावच तण्णी ठेवलं. त्या दिवसापासून तिनं वर्गात तोंड उघडायचं बंद केलं. बाईंनी विचारलं तरी मान खाली. पाणी मागायचं नाही, लघवीला जायचं विचारायचं नाही, घरी येईपर्यंत दम धरायचा. पाच महिने. ती कुणावरही रुसली नव्हती. तिथं तिचं आपलं असं कुणी नव्हतंच, रुसणार कुणावर?

मी तिला विचारलं, राग आला, माणूस फुगला की तमिळमध्ये काय म्हणतात? म्हणाली, "कोबम." म्हटलं, अगं, हा तर आपला कोप! मग ‘आक्का’ निघाली. तिकडंही मोठ्या बहिणीला आक्का, आपल्या सांगली-साताऱ्यातही आक्का, जतकडच्या कानडी घरांत अक्का. तिचा चेहरा खुलला. ती गेल्यावर मी जरा आणखी शोधलं. तमिळमध्ये प्रेमातल्या रुसव्याला वेगळाच शब्द आहे, ‘ऊडल’. त्यांचा मोठा ग्रंथ तिरुक्कुरळ, त्याचे १३३ अध्याय, त्यातला शेवटचा अध्याय रुसव्यातल्या सुखावर आहे. तुमच्यापैकी ज्या कन्याकुमारीच्या सहलीला गेल्या त्यांनी समुद्रातल्या खडकावर तिरुवल्लुवरांचा उंच पुतळा पाहिला असेल. तो १३३ फुटी आहे, या अध्यायांच्या हिशेबानं. जतच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, कानडीत रुसव्याला ‘मुनिसु’. म्हणजे आपल्या शेजारपाजारच्या सगळ्या भाषांत रुसवा आहे, त्याचा मान आहे. नातीला आता हे सगळं पाठ आहे.

आम्ही तिघी शाळेत गेलो. शाळेचं नाव मी सांगणार नाही, बाईंचंही नाही. त्या काही वाईट नव्हत्या. वर्गात पन्नासच्या वर पोरं, सहामाहीचे निकाल दोन दिवसांत लिहायचे, एका पोरीला एक शब्द. त्या म्हणाल्या, "मी विचारलं तर ती उत्तरच देत नाही. मला वाटलं घरी लाड झालेत." त्यांना ‘तण्णी’चं काहीच ठाऊक नव्हतं. पोरांनी नाव ठेवलं होतं ते शिक्षकांच्या कानावर कधी गेलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, हा शब्द इंग्रजीत स्वभावावर शिक्का मारतो, पुढच्या वर्गातल्या बाई वाचतील आणि तेच धरून चालतील. त्या जरा वेळ गप्प बसल्या. (कोण म्हणेल सल्की आहेत म्हणून! विचार करत होत्या.) मग त्यांनी पेन काढलं, ‘सल्की’ आणि त्याच्या पुढचंही खोडलं, बाजूला सही केली आणि खाली नवीन लिहिलं, ‘क्वाएट इन क्लास’. त्या दिवसापासून तिची जागा बदलली, पुढच्या बाकावर. नाव ठेवणाऱ्या पोरांशी काय बोलल्या ते मला माहीत नाही. नाव लगेच गेलं नाही, पण कमी झालं असं आजी सांगतात. मराठीचा अभ्यास ती आता शेजारच्या आक्काकडं करते.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी आजींना विचारलं होतं, "निकाल लागून इतके दिवस झाले, तुम्ही सही करून प्रगतिपुस्तक परत का नाही दिलं? शाळेनं तगादा लावला असेल की." आजी म्हणाल्या, "लावला की. पर गटात शिकवलंय न्हवं, वाचल्याबिगर सही करायची न्हाई."

शाळेतून निघताना त्यांनी नव्या शब्दांवर बोट ठेवलं. "आन ह्येचा अर्थ?"

"वर्गात गप्प असते."

"हां. ह्ये खरं हाय," आजी म्हणाल्या. ओसरीवरच्या बाकावर बसून त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पूर्ण नावानं सही केली.

पुढच्या वेळी ‘स्टबर्न’ हा शब्द घेऊ. तो तीन गावांतून तिघींनी पाठवलाय, तिन्ही वेळा मुलींच्याच प्रगतिपुस्तकातून. तुमच्याकडे अशी पुस्तकं असतील तर येताना घेऊन या. आणि तुमच्या गावात रुसण्याला, फुगण्याला आणखी काही शब्द असतील, तर तेही लिहून पाठवा. नमस्कार.